झोपून बघा, पेंटर

पहिल्याच कामात म्याडमनी मला बाळंतपणाच्या टेबलावर आडवं पाडलं होतं. हे कुणाला सांगितलं की माणसं हसतात. हसू द्या. मी चौथी शिकलेला माणूस. पाट्या रंगवून पोट भरलं. मला गोष्ट गोड करून सांगता येत नाय. जशी आठवते तशी सांगतो.

माझी बायको, गया, जाऊन चार महिने झाले. तिची लोखंडी खाट अजून खोलीच्या मधोमध आहे, दाराकडं पाय करून. त्या खाटेवर मी पाठ टेकलेली नाय. खाली सतरंजी टाकून झोपायचो. आणि दर रविवारी सकाळी म्याडमचा फोन यायचा. कसे आहात नाय, जेवलात का नाय. एकच सवाल.

"पेंटर, झोपून बघितलं का?"

"बघितलं म्याडम."

"काय दिसलं?"

"निळं दिसलं."

"बरं," म्हणायच्या, फोन ठेवायच्या.

खोटं बोलायचो मी. तीस वर्षांच्या ओळखीत ज्या बाईपुढं एक खोटा शब्द काढला नाय, तिला बायको मेल्यावर दर रविवारी खोटं सांगायचो. ते का, आणि ते कसं सुटलं, हे सांगायला बसलोय. पण त्याआधी म्याडम काय चीज आहे ते कळायला पायजे.

तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. फ्लेक्स आला नव्हता. दुकानाच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं, भीमजयंतीच्या कमानी, सगळं हातानं. शहरात पेंटर म्हणलं की च्या मिळायचा. सरकारी दवाखान्यात मला बोलावलं होतं ते 'शांतता राखा' आणि 'थुंकू नका' लिहायला. 'थुंकू'चा उकार काढत होतो, तर मागून आवाज आला.

"हे कोण वाचणार?"

वळून बघतो तर एक बुटकी बाई. अंगात पांढरा कोट, हातात अर्धा खाल्लेला पेरू. मला वाटलं, नर्स असंल.

"येणारे-जाणारे वाचतील," मी म्हणलो.

"येणारे-जाणारे वाचतील. आणि जी आडवी पडलीय ती काय वाचणार? तिला तुमची भिंत दिसत नाही. तिला छत दिसतं. छतावर ओल आहे आणि दोन पाली आहेत. चला."

ती बाई म्हणजे बाळंतपणाच्या विभागाची मोठी डॉक्टर निघाली. मी ब्रश तसाच डब्यात टाकला आणि मागं गेलो. म्याडम चालायला लागल्या की माणसं मागं जायचीच.

एक खोली चार दिवस रंगासाठी बंद केली. मी विचारलं, "काय काढू?" तर म्हणल्या, "बाईला बघावंसं वाटेल ते." एवढंच. मी परांची बांधली. शिडी धरायला गया होती. माझ्या कामावर शिडी नेहमी तीच धरायची. दुसऱ्या माणसाचा मला भरवसा नव्हता. चार दिवस मान मोडून मी देवगिरीचा किल्ला काढला, नदी काढली, आंब्याचं झाड, त्यावर मोर, वर सूर्य. चौथ्या दिवशी दारात उभं राहून बघितलं आणि माझी छाती फुगली. आयाबाया गोळा झाल्या. "अगं बाई, जिवंतच वाटतोय गं मोर!" एकटी गया गप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

"अवो, मला हितून बघितलं तर सगळं उलटंच दिसतंय."

"तू शिडी धर," मी म्हणलो.

तेवढ्यात म्याडम आल्या, हातात परत पेरू. मान वर करून बघितलं. चेहऱ्यावर काय नाय. मग बाळंतपणाच्या टेबलावर दोनदा हात मारला.

"झोपा."

"कोण?"

"तुम्ही. पेंटर. झोपा."

आया पदर तोंडात घालून हसायला लागल्या. मी गयाकडं बघितलं, ती भिंतीकडं बघायला लागली. झोपलो. काय करणार? बाईची जिथं डोकं ठेवायची जागा तिथं माझं डोकं, आणि वर बघतो तर किल्ला वटवाघळासारखा लोंबतोय. नदी डोक्यावर, सूर्य पायापाशी, आणि मोर पाय वर करून पडलेला.

"मोर मेलाय का हो?" म्याडमनी विचारलं.

मी उठायला गेलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"बाईच्या पोटात कळा, आणि डोळ्यावर उलटा किल्ला. कुणासाठी काढलंत हे?"

"बाईसाठी, म्याडम."

"नाही. दारातल्या माणसासाठी काढलंत. उभ्या माणसाला आडव्याचं काही कळत नसतं, पेंटर. त्यासाठी आडवंच व्हावं लागतं." आणि मग गयाकडं वळल्या. "तुम्हाला दिसलं होतं का?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की. ते म्हनले, शिडी धर."

म्याडम अशा हसल्या की हातातला पेरू खाली पडला. तिथून पुढं दवाखान्यातलं कसलंबी काम निघालं की आधी गयाला विचारायच्या, मग मला सांगायच्या. मोराचं काय करायचं तेबी गयानंच सांगितलं. "पाखरं काढा नुसती. उडत्या पाखराला उलटं-सुलटं कुठं असतं?" मी सगळं खरवडलं आणि पांढऱ्या छतावर बावीस पाखरं सोडली. कुठूनबी बघा, उडतच होती.

म्याडमची सगळ्यात मोठी खोड हीच. नवा डॉक्टर आला, मग तो कितीबी हुशार असू दे, पहिल्या दिवशी त्यानं त्या टेबलावर अर्धा तास आडवं पडायचं. पाय वर बांधून. कुणी बोलायचं नाय, घड्याळ बघायचं नाय. दार उघडं. येणारी-जाणारी बघणार. पोरी निमूट पडायच्या. पोरं चुळबुळ करायची. अर्धा तास झाला की म्याडम विचारायच्या, "काय पाहिजे होतं तुला?" कुणी म्हणायचं पांघरूण, कुणी म्हणायचं पाणी. एक पोरगी म्हणली, "कुणीतरी माझं नाव घ्यायला पाहिजे होतं." म्याडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणल्या, "जा, कामाला लाग." ती पोरगी आता जालन्याकडं मोठ्या दवाखान्याची प्रमुख आहे असं ऐकतो. तीबी म्हणे नव्या डॉक्टरांना आडवं पाडती.

एकदा वरचे कुणी साहेब तपासणीला आले. हाराबिरांचा बंदोबस्त, मागं दहा माणसं. म्याडमनी फाईल दाखवली नाय, आकडे सांगितले नायत. टेबलावर हात मारला. "झोपा साहेब." मी बाहेर खिडकीला रंग देत होतो, मला आतलं सगळं दिसत होतं. साहेब बिचारे भले होते. बूट काढून झोपले. खिशातला पेन खाली पडला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अहो, हे तर डोळ्यावर गळतंय!"

"तेच तर तीन वर्षं लिहितोय आम्ही," म्याडम म्हणल्या.

महिन्याभरात छत दुरुस्त झालं. माझी पाखरं तेवढी परत काढावी लागली.

पाखरांची अजून एक गोष्ट. मी बावीसच काढली होती, दुरुस्तीनंतरबी बावीसच. गयानं मोजून घेतली होती. पण फर्दापूरकडची एक बाई, पहिलटकरीण, चौदा तास अडलेली, मोकळी झाल्यावर म्हणली, "तेवीस हायेत पाखरं. मी सारखी मोजत होते." सिस्टरनी मोजली, बावीस. आयानं मोजली, बावीस. मला बोलावणं आलं. मी ब्रश घेऊन गेलो, म्हणलं, चला एक वाढवून टाकू, बाईचं समाधान होईल. म्याडमनी माझा हात धरला.

"काढायचं नाही. तेविसावं तिला दिसलंय, आपल्याला नाही. आपण कमी पडलो."

असं काहीतरी बोलायच्या आणि निघून जायच्या. मग दिवसभर डोक्यात ते पाखरू फिरत राहायचं. मला अजून कधी कधी दुपारी डोळा लागला की ते तेविसावं दिसतं. रंग आठवत नाय.

मोठी खुर्ची मिळाली, सगळ्या विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा म्याडमनी पहिल्या दिवशी सुताराला बोलावलं आणि त्या खुर्चीचे पाय चार बोटं कापायला लावले. समोरच्या खुर्च्या तशाच ठेवल्या. सुतार म्हणला, "म्याडम, तुम्ही आधीच बुटक्या, आता टेबलामागं दिसायच्याबी नायत." म्हणल्या, "मला दिसायचंय कुठं? मला बघायचंय." खेड्यातली बाई समोर बसली की ती वर आणि म्याडम खाली. बाई मोकळी बोलायची. आणि हट्टी साहेब लोक आले की त्यांनाबी आपण उंच झाल्यासारखं वाटायचं. त्या खुशीत सही करून जायचे. म्याडमना ते माहीत होतं. लबाड होत्या.

नावांचं तर विचारूच नका. वीस वर्षांमागची बाळंतीण बाजारात भेटली तरी तिचं नाव, गाव, पोराचं वजन सांगायच्या. पण पुरुषाचं नाव एकाचंबी लक्षात नाय. मला पेंटर, सुताराला सुतार, ड्रायव्हरला गाडी. "गाडीला बोलवा" म्हणल्या की ड्रायव्हर यायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "म्याडम, इतकी वर्षं झाली, माझं नाव माहितीये का?"

"नाही."

"सांगू?"

"नको, राहणार नाही. उभ्या माणसांची नावं राहत नाहीत माझ्या डोक्यात."

गया त्यावर किती दिवस हसत होती. जेवायला वाढताना म्हणायची, "उभ्या मानसा, बसा आता."

म्याडम निवृत्त झाल्या तरी दर दिवाळीच्या आधी त्यांच्या फाटकाला मी रंग द्यायचो. पाट्यांचं काम तोवर संपलंच होतं. शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या बदलायचं थोडं काम आलं, पण तोवर हात थरथरायला लागले होते. फाटक मात्र सोडलं नाय. मागच्या वर्षी दिवाळी गेली आणि मी गेलो नाय.

त्याचं कारण असं की पावसाळा संपता संपता गयाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं, मग म्हणले घरी न्या, सेवा करा. मी सेवा केली. पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची. पण गया डोळे उघडायची नाय. दिवसभर मिटलेले. शेजारच्या बाया म्हणायच्या, "ओळख गेली तिची, भाऊ." मला तसं वाटत नव्हतं. मला वाटायचं, ती माझ्यावर रागावलीय. पन्नास वर्षांत राग यायला काय कमी झालं होतं? मी तोंडाचा फटकळ. मी खाटेपाशी बसून म्हणायचो, "गया, एकदा बघ की गं." ती आणखी घट्ट मिटायची.

दिवाळी झाल्यावर एक दिवस सकाळी दारात रिक्षा थांबली. म्याडम उतरल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी विचारलं म्हणे, "पेंटर कुठं राहतात?" हॉटेलवाल्यानं विचारलं, "नाव काय?" तर म्हणल्या, "त्यांना नाव नाही. त्यांच्या बायकोचं नाव गयाबाई." त्यावरून लगेच घर सापडलं.

आत आल्या. मला काय विचारलं नाय. गयाचा डावा हात हातात घेतला, "गयाबाई, मी आले," म्हणल्या. मग मला म्हणल्या, "त्यांना जरा पलीकडं सरकवा." मी सरकवलं. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्याडम पिशवी पोटावर घेऊन त्या अरुंद खाटेवर गयाच्या शेजारी आडव्या झाल्या. दोघी उताण्या. मी दारात उभा, येड्यासारखा. अर्धा तास गेला असंल. च्या करू का, विचारलं.

मग म्हणल्या, "पेंटर, ट्यूब बंद करा."

"खोलीत अंधार होईल म्याडम. तिला अंधार नको म्हणून दिवसभर चालू ठेवतो मी."

"तुम्ही ती कुठं लावलीय बघा. बरोबर डोळ्यावर. अर्धा तास झाला, मी डोळे उघडू शकले नाही."

मी बटण दाबलं. खोलीत दारातून येतो तेवढाच उजेड राहिला. आणि गयानं डोळे उघडले.

आता ते कसं सांगू? आधी वर बघितलं, मग म्याडमकडं, मग माझ्याकडं. तसंच बघितलं जसं शिडीखालून बघायची. ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वी टेबलावर झोपवून शिकवलं होतं, त्यानं स्वतःच्या बायकोच्या डोळ्यावर दीड महिना ट्यूब जाळली होती.

म्याडम मला बोलल्या नायत. ते जास्त लागलं. फक्त जाताना म्हणल्या, "एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. विचारत जा त्यांना. आणि छत रंगवा. आणि आधी झोपून बघा."

"व्हय," मी म्हणलो.

पण झोपलो नाय. गया होती त्या खाटेवर, पाठ दुखायची तिची, जागा कुठं होती? आणि खरं सांगू का? मला भ्या वाटलं. तिच्या जागेवरून काय दिसतं ते बघायचं भ्या.

मग आमचं बोलणं सुरू झालं. मी विचारायचो, ती पापण्या मिटायची. "पाखरं काढू?" दोनदा. "आंब्याचं झाड?" दोनदा. "तुझ्या माहेरचा घाट काढू, गोदावरीचा?" तिचं माहेर गंगापूरच्या पुढं, नदीकाठी. मला खात्री होती, याला व्हय म्हणेल. दोनदा. "मोर काढू? उलटा?" अर्ध्या तोंडानं हसली, पण दोनदा. शेवटी वैतागून म्हणलो, "मग काहीच नको का?"

एकदा.

"कायच नको?"

एकदा.

मला राग आला. जन्मभर लोकांची छतं रंगवली, आणि घरच्या बाईला माझं काहीच नको. "निळा तरी मारू का नुसता?" तर जरा थांबून एकदा. जयंतीच्या कमानीचा निळा उरलेला होता, त्यात चुना घालून फिका केला. शिडी धरायला कुणी नव्हतं, म्हणून खाटेच्या पायाला बांधली. म्हणजे शेवटचीबी शिडी तिनंच धरली. एक थेंब तिच्या गालावर पडला. पुसायला उतरलो तर तिनं दोनदा डोळे मिटले. राहू दिला.

ते दिवस चांगले होते. आता उलटं वाटेल, पण तसे चांगले दिवस आमचे तरुणपणीबी नव्हते. गया वर बघायची. दुपार कलली की तिचा चेहरा असा निवांत व्हायचा की मीबी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. मला वाटायचं, माझा निळा रंग लागू पडला.

म्याडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा सकाळच होती. छत बघितलं, "छान," म्हणल्या. "झोपून बघितलं होतं ना?" मी व्हय म्हणलो. ते पहिलं खोटं. निघताना अंगणात त्यांची नजर ड्रमवर गेली. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, म्हणून दारासमोरच पाण्याचा मोठा ड्रम आहे. नळ आला की तो काठोकाठ भरून ठेवायचा. झाकण मी कधी ठेवत नव्हतो.

"हे काय? डास होतील. आजारी बाई आहे घरात. झाकण पाहिजे यावर, आजच्या आज."

मी त्याच दिवशी लाकडी झाकण करून घेतलं. म्याडमचा शब्द.

त्यानंतर गया बिघडली. रोज चारच्या सुमाराला घशातून आवाज काढायची. दाराकडं डावा हात उचलायची. नळाच्या दिवशी तर फारच. मला वाटायचं, तिला तहान लागलीय, ड्रमकडं दाखवतीय. मी चमच्यानं पाणी पाजायचो. ती तोंड फिरवायची. "पाणी पायजे?" दोनदा. "भूक लागली?" दोनदा. "दुखतंय?" दोनदा. मग ती दमायची आणि डोळे मिटायची. दोन महिने असंच चाललं आणि एका सकाळी पेज भरवताना ती गेली.

तेव्हापासून म्याडमचे रविवार सुरू झाले. त्यांना काहीतरी वाटत असावं. डॉक्टर माणूस, राहिलेलं दुखणं ओळखतो.

मग एका बुधवारी नळ आला दुपारी. ड्रम भरला, काठापर्यंत. झाकण परत ठेवायला गेलो आणि चक्कर आली. झाकण तसंच भिंतीला टेकवून आत आलो, आणि सतरंजीपर्यंत जायचं बळ नव्हतं म्हणून खाटेवर बसलो. बसलो तसा मनात म्हणलं, रविवारचं एवढं खोटं बोलतोस, निदान एकदा ते खरं करून टाक. आडवा झालो. गादीत तिच्या डोक्याचा खळगा होता, त्यात माझं डोकं गेलं. डोळे मिटूनच होतो. मग उघडले.

वर नदी होती.

मी शपथेवर सांगतो. ऊन कललं होतं, ड्रममधल्या पाण्यावर पडत होतं, आणि तिथून उसळी मारून दारातून आत, थेट छतावर. निळ्यावर उजेडाच्या लाटा. हळू हळू एकमेकींत जायच्या, सुटायच्या, काठाला लागून परत फिरायच्या. चिमणी ड्रमच्या काठावर बसली असंल, कारण एकदम सगळी नदी थरथरली आणि परत शांत झाली. मी किती वेळ पडलो ठाऊक नाय. ऊन सरकत गेलं तशी नदी गयाच्या पायाकडून डोक्याकडं आली आणि भिंतीपाशी विरली.

म्हणून तिला काहीच नको होतं. तिच्याकडं होतं. त्या निवांत दुपारी मी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो, एकदाबी मान वर केली नाय. आणि त्यावर आम्ही झाकण ठेवलं. म्याडमनी सांगितलं, मी ठेवलं. ती दोन महिने हात उचलून सांगत होती, आणि मी तिला पाणी पाजत होतो.

रडलो मी. लपवायचं काय त्यात?

मग तीन दिवस एकच विचार. म्याडमना सांगायचं का? या वयात बाईला काय टोचणी लावायची? डासांचं त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. आणि नाय सांगितलं तर परत रविवार, परत 'निळं दिसलं'. आता ते खोटं गयाबद्दलचं झालं असतं.

फोन वाजला.

"पेंटर, झोपून बघितलं का?"

"म्याडम, आजपर्यंत खोटं बोललो. बुधवारी बघितलं."

"काय दिसलं?"

मी सगळं सांगितलं. ड्रम, ऊन, नदी, झाकण, चमचा. गोड केलं नाय. मला येतच नाय. मला वाटलं, लाईन कटली. जी बाई साहेबाला वाक्य पुरं करू देत नव्हती, ती एवढा वेळ गप्प मी कधी ऐकली नव्हती.

"मी सकाळी आले होते," शेवटी म्हणल्या. "दोन्ही वेळा सकाळीच. चार वाजता काय दिसतं ते मी बघितलंच नाही."

"म्याडम, तुम्ही..."

"नळ परत कधी येणार?"

"पुढल्या बुधवार-गुरुवारी."

"आला की सांगा."

नळ गुरुवारी आला. साडेतीनला रिक्षा थांबली. म्याडम आत आल्या नायत. आधी ड्रमपाशी गेल्या. झाकण मी मुद्दाम ठेवलं होतं, ते दोन्ही हातांनी उचललं. जड होतं, मी पुढं झालो तर मानेनंच नको म्हणल्या. भिंतीला टेकवलं. मग आत येऊन चपला काढल्या आणि खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"त्यांचं डोकं कुठं असायचं? नेमकं."

मी खळगा दाखवला. त्या आडव्या झाल्या. मी बाहेर आलो. त्या खोलीत उभं राहायला मला लाज वाटली. ड्रमपाशी स्टुलावर बसलो. वारा पडलेला. पाणी आरशासारखं थिजलेलं. मग मी एक बोट पाण्यात घातलं आणि जरासं हलवलं, ब्रश धुतात तसं.

"दिसतंय का म्याडम?"

मी बोट हलवत राहिलो. हात थरथरतो माझा आता, त्याचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. ऊन खाली आलं. पलीकडच्या गल्लीत भांडी वाजत होती.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"पेंटर."

"जी."

"तुमचं नाव काय हो?"

मी सांगितलं, आणि परत पाण्यात बोट घातलं.